अठ्ठावीस तुरींचा धुरा

सुरुवातीलाच सांगून टाकतो, या लिखाणात शेवटी पोरगी धावत नाही. पदक जिंकत नाही, डॉक्टरला चकित करत नाही, बापाच्या गळ्यात पडून 'बाबूजी' म्हणत नाही. ज्यांना तसला शेवट हवा असेल त्यांनी इथूनच उठावं. मला वाईट वाटणार नाही. झाडीपट्टीच्या नाटकांत वीस वर्षं मी विनोदी पार्ट केले आहेत. माझा प्रवेश सुरू झाला की पानठेल्याकडे निघणारी माणसं मी रंगमंचावरून पाठमोरी ओळखतो.

जे बसले आहेत त्यांच्यासाठी पात्रपरिचय. मी आमगाव तालुक्यातल्या एका गावात धान पिकवतो, वय बावन्न, आवाज मोठा. बायको शकुन, आवाज लहान पण शेवटचा शब्द तिचा. मुलगी जुई, तेरा वर्षांची, तिला आवाज आहे पण शब्द नाहीत. जुईला ऑटिझम आहे.

जाणकार म्हणतात, ऑटिझम हा आजार नव्हे. मान्य. आजार तिच्या अंगात नंतर आला, बसून बसून आला. आणि ती बसली त्यात माझा हात आहे. घरात असं मूल असलेल्या आईबापांनी निदान माझी चूक तरी करू नये, म्हणून हे लिहितो आहे. स्वतःच्या नव्या चुका कराल, त्याला माझा इलाज नाही.

निदानाचा दिवस

जुई चार वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. चवड्यांवर चालायची, टाच म्हणून टेकायची नाही. छताचा पंखा तासन् तास बघायची. गावात म्हणत, "बापावर नाई गेली बापा पोट्टी. बाप तर तोंड बंदच करत नाई."

नागपूरच्या डॉक्टर मॅडमनी आम्हाला समोर बसवून प्रश्न विचारले. हाक मारली की बघते का? हवी ती वस्तू बोटाने दाखवते का? मी नुसतं उत्तर कसं देणार? मी प्रत्येक गोष्टीची नक्कल केली. जुई माझा हात धरून मला फडताळाकडे कशी ढकलते, मुरमुऱ्यांच्या डब्यावर माझाच हात कसा ठेवते, सगळं करून दाखवलं. मॅडम हसल्या. मला वाटलं, पार्ट जमला. मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि तो शब्द सांगितला.

मी विचारलं, "मॅडम, किती दिवसांत बरी होईल?"

आता यात हसण्यासारखं काही नाही. धानाच्या बियाण्याच्या पिशवीवर लिहिलेलं असतं, एकशे वीस दिवस, एकशे चाळीस दिवस. मी आयुष्यभर तसंच विचारत आलो होतो.

मॅडम म्हणाल्या, "बरं होणं असं यात नसतं. तिला शिकवावं लागेल, हळूहळू. आणि एक लक्षात ठेवा, तिला हालतं ठेवा. ही मुलं खेळायला आपणहून जात नाहीत. शरीर बसलं की पुढे ते फार जड जातं. आणि तिच्या रोजच्या गोष्टींत काही बदलायचं असेल, तर एकदम बदलू नका. आधी दाखवा, सांगा, मग थोडं थोडं बदला."

हे शेवटचं वाक्य मी तिथे ऐकलं आणि तिथेच सोडून आलो. ते पुढे येईल.

एवढं बोलणं चालू असताना जुईने मॅडमच्या टेबलावरचे सगळे पेन एका ओळीत लावले होते. मॅडमनी ती ओळ मोडली नाही. दुसऱ्या पेशंटला आत बोलावण्याआधी त्या ड्रॉवरमधून वेगळं पेन काढून लिहायला लागल्या. त्या दिवसात एवढी एकच गोष्ट चांगली झाली, म्हणून लिहून ठेवतो.

परतीच्या गाडीत शकुनने खिडकी धरली. तिरोडा आलं तेव्हा म्हणाली, "तुमी कायले हसवून राहिले होते त्या बाईले?"

मी म्हणालो, "हसली असती मनभर, तर चांगलं सांगितलं असतं, असं वाटलं मले."

"हसली तर होती," शकुन म्हणाली.

आमच्या कसरती

पुढची सात वर्षं घरात सर्कस चालली. चेंडू आणला. जुईने तो एकदा हातात घेतला, वास घेतला, आणि शेणाच्या टोपल्यात नेऊन ठेवला. सायकल आणली, तिने ती उलटी करून चाक फिरवलं आणि चाकाकडे बघत बसली. गोंदियाहून उड्या मारायची गोल जाळी आणली. जुई त्या जाळीखाली जाऊन झोपली. उन्हाळ्यात तिथे गार वाटायचं, हे नंतर मीही झोपून पाहिलं तेव्हा कळलं.

शाळेच्या मैदानावर घेऊन गेलो तर कवायतीची शिट्टी वाजली. जुईने कान दाबले आणि मैदानातल्या मातीवर डोकं आपटलं. सरांनी शिट्टी खिशात टाकली, पण जुईने पुढे त्या फाटकाकडे पाऊल टाकलं नाही. सर अजूनही दिसले की माझी माफी मागतात. त्यांचं काय चुकलं?

मग मीच मैदानात उतरलो. अंगणात रोज सकाळी कमरेला शेला बांधून दंडारीतला नाच करायचा, की पोरगी बघून हातपाय हलवेल. गल्लीतली सहा पोरं यायला लागली. उठाबशा काढायची, लोळायची, माझ्यामागे नाचायची. वर्षभरात ती सहाही पोरं अशी धडधाकट झाली, की त्यांच्या आया मला पापड देऊन जात. जुई भिंतीकडे तोंड करून मुरमुरे खात असायची.

खाण्याचंही सांगतो. जुई फक्त पांढरं खाते. भात, मुरमुरे, पोहे, साखर. धानाच्या जिल्ह्यात जन्मली आणि धानालाच चिकटून बसली. त्यात ती स्वतःला चावायची, मारायची, त्यासाठी एक औषध सुरू झालं. त्या औषधाने हात शांत झाले आणि भूक सुटली. आमच्या पोरीचं वजन वाढायला लागलं.

माझे मोठे भाऊ शेजारीच राहतात, आमची शेतीही लागून आहे. दादा कमी बोलतात आणि नेमकं दुखेल तिथे बोलतात. म्हणाले, "भात बंद कर गा. भूक लागंल तं खाईल काही बी."

आम्ही तीन दिवस भात बंद केला. तीन दिवस जुईने काहीही खाल्लं नाही. चौथ्या दिवशी दादाच भाताची थाळी घेऊन आले आणि ओट्यावर ठेवून निघून गेले.

शकुन आणि मी तेव्हा भांडायला लागलो. भांडण भलत्याच गोष्टींवरून असायचं. वाळत घातलेल्या कपड्यांवरून, नळ कोणी चालू ठेवला यावरून. खरी गोष्ट अशी होती, की जुईला आंघोळ घालताना ती खाली बसली की शकुनला ती उठवता येत नव्हती. पोरगी दहा वर्षांची आणि आईएवढी जड. एक दिवस शकुन ओल्या लुगड्याने दारात येऊन म्हणाली, "आज उचलली. उद्या कोण उचलंल?" मी काहीतरी गमतीचं बोलायला तोंड उघडलं. मग ते मिटून तिला कोरडं लुगडं आणून दिलं.

दवाखान्यातले चार दिवस

अकराव्या वर्षी जुईला गळवं व्हायला लागली. पाणी फार प्यायची. एक दिवस ताप चढला आणि ती उठेनाच. गोंदियाच्या दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं तर साखर.

मला वाटायचं साखर म्हाताऱ्यांना होते. डॉक्टर साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच म्हातारा झालो. म्हणाले, "देखिए, दवाई मैं दूँगा. लेकिन चलाना आपको पड़ेगा. रोज आधा घंटा, पसीना आने तक. नहीं चली तो दवाई बढ़ती जाएगी, और इस उम्र में कितनी बढ़ाएँगे?"

"साहब, कैसे चलाएँ? ये तो बैठ जाती है।"

"वो आप लोग ढूँढो," साहेब म्हणाले. खरं बोलले. ते त्यांना कुठून माहीत असणार?

दवाखान्याचा दिवस पहाटे फिनेलच्या वासाने सुरू व्हायचा. मग बोट टोचून साखर बघायची. जुईच्या अंगाला कोणी हात लावलेला तिला चालत नाही, त्यामुळे पहिल्या सकाळी चार माणसांनी तिला धरलं. तो आवाज मी इथे लिहिणार नाही. दुसऱ्या दिवशी एका सिस्टरने तिच्या हातात ते साखर मोजायचं यंत्र दिलं. त्यावर आकडा उमटतो हे जुईने पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी आपणहून बोट पुढे केलं. सिस्टरचं नाव विचारायचं राहून गेलं.

आकड्यांवर जुईचा जीव आहे. दवाखान्याच्या वजनकाट्यावर ती आनंदाने चढते. आकडा जितका मोठा तितकी खूश. अठ्ठेचाळीस आला तेव्हा तिने टाळ्या वाजवल्या. खोलीत टाळ्या वाजवणारी ती एकटीच होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी शकुन पाणी आणायला गेली आणि मी जरा डुलकी घेतली. डोळे उघडले तर पलंग रिकामा. धावत बाहेर आलो. आणि तिथेच थांबलो.

दवाखान्याच्या लांब वऱ्हांड्यात भिंतीकडेने काळ्या फरशीची एक पट्टी होती, वीतभर रुंद. त्या पट्टीवरून जुई चालत होती. चवड्यांवर, दोन्ही हात जरा पसरून, डोंबाऱ्याच्या पोरीसारखी. वाटेत खोलीचं दार आलं की त्याच्या कडीला बोट लावायचं आणि पुढे. शेवटच्या दारापर्यंत, तिथून वळून परत. शकुन पाण्याची बाटली छातीशी धरून कोपऱ्यात उभी होती.

"चूप राहा," ती मला म्हणाली. मी काही बोललोही नव्हतो. "सतरा चक्कर झाले. घाम आला पाहा पोरीले."

सात वर्षांत पहिल्यांदा आमची पोरगी घामाने ओली झाली होती.

धुरा

मोकळं मैदान तिला नको होतं. तिला एक रेघ हवी होती आणि रेघेवर बोट लावायला खुणा. हे कळायला सात वर्षं आणि तीन दिवस लागले. आता वीतभर रुंद रेघ शोधायची कुठे? तर आमच्या घरामागेच.

आमच्याकडे धानाच्या शेताच्या एकेका वाफ्याला बांधी म्हणतात आणि तिच्या मातीच्या बांधाला धुरा. माझ्या आणि दादाच्या बांधीमध्ये एक जुना धुरा आहे, आमच्या मागच्या ओट्यापासून मोहाच्या झाडापर्यंत. एक माणूस कसाबसा चालेल एवढा. आणि धुऱ्यावर आम्ही तूर लावतो, ती जागा वाया जाऊ नये म्हणून. त्या वर्षी त्या धुऱ्यावर अठ्ठावीस तुरी होत्या.

धान कापून झालं होतं. मी जुईला ओट्यावरून उतरवून धुऱ्याच्या तोंडाशी उभं केलं आणि मागे झालो. बराच वेळ ती उभीच. मग एक पाऊल. पहिल्या तुरीच्या शेंड्याला बोट. दुसरं पाऊल. मधे पंधराव्या तुरीपाशी धुरा वाकडा होता, कधीकाळी पाण्याने खचला आणि आजोबांनी वळवून घेतला असेल. तिथे ती थांबायची, मान तिरपी करायची, तुरीला दोनदा बोट लावायची आणि वळायची. मोहापर्यंत जाऊन परत. पहिल्या दिवशी चार फेऱ्या. दिवाळीपर्यंत अकरा. त्यानंतर रोज अकराच. दहा नाही, बारा नाही.

तूर कापायची वेळ आली तेव्हा दादा म्हणाले, "खुंट ठेव हातभर. पोट्टी हात कायले लावंल मंग?" मला वाटलं नव्हतं, की दादांचं लक्ष असतं. आम्ही हातभर खुंट ठेवून तूर कापली. खुंटांनाही जुई बोट लावत राहिली.

उन्हाळ्यात गोंदियाच्या तपासणीला गेलो. वजन दोन किलोने उतरलं होतं, साखर खाली आली होती. जुई काट्यावर चढली आणि लहान आकडा बघून तिचं तोंड उतरलं. डॉक्टर साहेब मात्र खुर्चीतून उठले. "क्या किया आपने?"

मी त्यांना वऱ्हांडा, धुरा, तूर सगळं करून दाखवलं. चवड्यांवर चालून, हात पसरून. बाहेर बसलेले पेशंट दारातून डोकावत होते. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला प्रयोग तोच.

उद्घाटन

आता माझी चूक.

धानवाल्या माणसाची ओळख धुऱ्यावरून होते. पावसाआधी प्रत्येक जण आपले धुरे छाटतो, लिंपतो, बिळं बुजवतो. ज्याचा धुरा वाकडा नि फुटका त्याला लोक नावं ठेवतात. जुईच्या चालण्याने तो धुरा पार घासला होता. पाऊस आला की तिथे चिखल होणार, ती घसरणार, आणि शकुनला तिच्या बाजूने चालायलाही जागा नव्हती. एकदा मागून चालताना शकुनचा पाय मुरगळला होता. सगळी कारणं बरोबर होती. आजही मला त्यातलं एकही चूक वाटत नाही.

जेठाच्या महिन्यात जुई आणि शकुन दोन दिवस सालेकशाला जुईच्या मामाकडे गेल्या. मी दोन माणसं लावली. धुरा माझ्या बांधीत हातभर वाढवला. मुरूम टाकून, ठोकून पक्का केला. पंधराव्या तुरीजवळचं वाकण काढून सरळ दोरी धरली. मधे येणारे सगळे खुंट उपटून काढले. दादा आपल्या बांधीत उभे राहून बघत होते.

"काऊन गा, सरळ कायले करतेस?"

"दादा, शहराच्या बागेत असते तसा रस्ता करून राहिलो. जुईसाठी."

दादा काही बोलले नाहीत. माझ्या कामावर दादा काही बोलले नाहीत, म्हणजे ते चांगलं झालं, असा माझा समज.

मी नाटकवाला माणूस. नुसता रस्ता करून थांबणार का? धुऱ्याच्या तोंडाशी दोन बांबू रोवले, झेंडूचं तोरण बांधलं, नारळ आणला. शेजारपाजारची माणसं बोलावली. जुई गाडीतून उतरली तशी मी पडदा उघडतानाच्या आवाजात ओरडलो, "आणि आता येत आहेत..."

ती ओट्यापर्यंत आली. धुरा बघितला. खाली उतरून मुरमाला चवडा लावला आणि पाय उचलून घेतला. मग तिने हात पुढे केला, पहिला खुंट जिथे असायचा तिथे. हात तसाच राहिला. मी अजून हसतच होतो. माणसं टाळ्या वाजवत होती.

जुई खाली बसली आणि स्वतःच्या मनगटाला चावली. रक्त येईपर्यंत चावली. शकुनने तिचं तोंड सोडवलं तर ती डोकं आपटायला लागली, त्या पक्क्या मुरमावर. मी, शकुन आणि दादा, तिघांनी मिळून तिला घरात उचलून नेलं. माणसं कधी गेली कळलं नाही. नारळ तसाच पडून होता.

संध्याकाळी दादा ओट्यावर येऊन बसले. म्हणाले, "धुरा बेस होता गा. तुलेच नाई पाहावला."

शकुन यापेक्षा वाईट काही बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, "मॅडमनं सांगतलं होतं. आधी दाखवा म्हून."

ती आठवण तिला होती. मला त्या क्षणी आली.

मोडतोड

दुसऱ्या दिवसापासून मी आणि दादांनी तो धुरा मोडायला घेतला. मुरूम खरवडून काढला, बांधीची माती आणून घातली, ओली करून पायाने दाबली. वाकण पुन्हा केलं. वाकण मुद्दाम करणं किती अवघड असतं, हे ज्याने केलं नाही त्याला कळणार नाही. तुरीच्या काड्या आणून अठ्ठावीस जागी रोवल्या. कोणती कुठे होती यावर माझं आणि शकुनचं भांडण झालं. ती म्हणे सहावी आणि सातवी जवळजवळ होत्या, मी म्हणे आठवी आणि नववी. दोन जाणती माणसं, घरामागचा धुरा, वर्षानुवर्षं पाहिलेला, आणि दोघांनाही माहीत नाही.

आठ दिवस जुई ओट्याच्या पलीकडे बघतही नव्हती. नवव्या दिवशी उतरली. मी, शकुन आणि दादा दाराआड उभे. पहिल्या काडीला बोट. दुसरी. पाचवी. शकुनने माझा हात धरला होता, लग्नानंतर एवढा घट्ट कधी धरला नसेल. दहावी. चौदावी. मग जुई वाकणापाशी थांबली, मान तिरपी केली, पंधरावीला हात लावायला गेली. हात हवेत गेला. काडी वीतभर पलीकडे होती.

तिने काडीकडे बघितलंही नाही. जिथे तूर असायची त्या रिकाम्या जागेत तिने दोनदा बोट हलवलं. मग वळली, घरात आली आणि पंख्याखाली बसली.

त्यानंतर जुई त्या धुऱ्यावर गेली नाही. दुसऱ्या धुऱ्यावर नेऊन पाहिलं, शेजाऱ्याच्या, दादाच्या. घरात चुन्याने रेघ आखली, दाराला कड्या लावल्या. दवाखान्याचा तोच वऱ्हांडा दाखवायला नेली, तर तिथे आता नवीन फरशी बसवली होती. माझ्यासारखंच कुणीतरी चांगलं काम केलं होतं.

आता

दिवाळीनंतरच्या तपासणीत जुईचं वजन छप्पन्न भरलं. ती टाळ्या वाजवत होती. गोळी दुप्पट झाली. शकुनला आता जुई उठवता येत नाही. मलाही एकट्याने येत नाही. पाळी सुरू झाली आहे, त्याचं सगळं शकुनच करते, बसल्या जागी.

सल्ला म्हणाल तर एकच. तुमचं मूल चिखलातून वाकडंतिकडं चालत असेल तर चालू द्या. त्याच्या वाटेला हात लावू नका. तुमचे हात शिवशिवत असतील तर दुसरीकडे कुठेतरी छाटून, लिंपून या.

मी पावसाळ्यात त्या धुऱ्यावर पुन्हा तूर लावली. मोजून अठ्ठावीस. आता ती डोक्याएवढी झाली आहे, पिवळ्या फुलावर आहे. पावसाळा सरता सरता एका संध्याकाळी मी बांधीतलं पाणी बघायला निघालो. जुई ओट्याच्या टोकाला प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. मी दहा पावलं गेलो तर मागून ओरडली. मला वाटलं काही चावलं. वळलो तर ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या मागच्या तुरीकडे बघत होती. मी परत आलो, पहिल्या तुरीला बोट लावलं. ती गप्प झाली. दुसरीला लावलं. असं मोहापर्यंत गेलो, परत आलो, ओट्यावर चढायला लागलो. ओरडली. अकरा फेऱ्या झाल्या तेव्हा ती उठली आणि आत गेली.

तेव्हापासून रोज अकरा फेऱ्या मी मारतो. उशीर झाला तर ती माझी चप्पल आणून माझ्या मांडीवर टाकते. शकुन आतून विचारते, "झाला का जुईचा व्यायाम?" माझं सुटलेलं पोट आत गेलं. डॉक्टर साहेबांनी माझा रक्तदाब पाहिला आणि म्हणाले, "आप तो एकदम फिट हो गए!" साऱ्या आमगाव तालुक्यात माझ्या वयाचा एवढा सुदृढ माणूस सापडायचा नाही. नाटकातला विनोद असता तर मी तो पार्ट सोडला नसता.

लोक म्हणतात, बघा, तिला सगळं लक्षात आहे, ती तुमच्याबरोबर खेळते आहे. मीही असं म्हणून पाहिलं. दोन दिवस पुरलं.

मग मी एक खोडी काढली. मुद्दाम पंधरावी तूर सोडून पुढे गेलो. मनात हिशेब असा, की ती चिडेल, उठेल, आणि मला दाखवायला स्वतः धुऱ्यावर येईल. जुई ओरडली. मी मागे फिरलो नाही. ती पुन्हा ओरडली. मी मोहाकडे तोंड करून उभा राहिलो. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी वळून पाहिलं. जुई ओट्याच्या अगदी कडेला आली होती. तिने एक पाय उचलला, चवडा खाली मातीकडे नेला. टेकायला बोटभर अंतर राहिलं होतं.

तिने पाय वर घेतला आणि खुर्चीत जाऊन बसली.

त्यानंतर माझ्या फेऱ्या चालू असताना ती खुर्चीतून उठलेली नाही. मी मात्र रोज प्रत्येक फेरीला पंधरावी सोडतो आणि मोहाकडे तोंड करून उभा राहतो. ती ओरडते. मी थोडा वेळ वाट बघतो. मग परत जातो, आणि पंधरावीला दोनदा बोट लावतो.